गर्दी कोणाची मोठी? कॉलेज फुटबॉलमध्ये समोरच्याची टेर खेचण्याआधी हे वाचून घ्या

आधीच सांगून टाकतो, मी मिशिगन युनिव्हर्सिटीवाला आहे, आणि फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन, हातात बॉल घेऊन पळतात तो. म्हणजे मूळचा सांगलीचा, पण २०११ ला अ‍ॅन आर्बरला एमएस करायला आलो आणि तेव्हापासून दर शनिवारी निळं आणि मक्यासारखं पिवळं घालतो, त्यामुळे खाली जे काय लिहिलंय त्यात पक्षपात आहेच, तो गृहीत धरून वाचा. माझा आतेभाऊ कोलंबसला शिकला, ओहायो स्टेट, म्हणजे आमचे पक्के वैरी. झालं, घराण्यात फूट. घरच्या ग्रुपवर सकाळी आत्या फुलांचा शुभ सकाळ टाकते आणि त्याच्या खाली आम्ही दोघं एकमेकांच्या स्टेडियममधल्या रिकाम्या बाकांचे फोटो टाकत बसतो. एकदा आत्याने काळजीने विचारलं होतं, कुठे आग लागली का रे, सगळे पळाले का?

तर इतक्या वर्षांच्या भांडणातून जे शिकलो ते इथे देतोय, कारण दर ऑगस्टमध्ये नवीन पोरं येतात, पहिल्याच महिन्यात जोशात येऊन दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या गर्दीवर काहीतरी बोलतात आणि तोंडघशी पडतात.

मुळात गर्दीवरून एवढं काय भांडायचं असं वाटत असेल तर आपल्याकडे बघा ना. २०२२ ला मुंबईत एकाच संध्याकाळी दोन दसरा मेळावे झाले, एक शिवाजी पार्कला आणि एक बीकेसीला, तेव्हा आख्खा महाराष्ट्र ड्रोनचे फोटो झूम करून खुर्च्या मोजत बसला होता की नाही? भाषणात कोण काय बोललं ते नंतर, आधी मैदान कोणाचं भरलं ते सांगा. अगदी तेच आहे हे. फक्त इथे ते सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी चालतं.

आणि आकडे खरंच डोकं फिरवणारे आहेत. वानखेडेत साधारण ३३ हजार माणसं बसतात. आमच्या मिशिगन स्टेडियमची, ज्याला सगळे बिग हाऊस म्हणतात, त्याची कपॅसिटी १,०७,६०१. तीन वानखेडे आणि वर थोडी चिल्लर. अ‍ॅन आर्बर गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत-बाहेर, म्हणजे मॅचच्या दिवशी एका खड्ड्यात अजून एक गाव बसलेलं असतं. खड्डा म्हणजे शब्दशः, १९२७ साली बांधताना बराचसा भाग जमिनीखाली घेतला, बाहेरून बघितलं तर वाटतं एवढंसंच? आत गेलं की दम लागतो. शेवटचा तो १ आहे ना १,०७,६०१ मधला, ती एक जादा सीट फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या कोचच्या मानाची, ती नेमकी कुठे आहे ते कोणी सांगत नाही. असली लाखाच्या वरची आठ स्टेडियम्स आहेत अमेरिकेत आणि आठही कॉलेजांची, प्रोफेशनल एनएफएलचं एकही नाही. पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, एलएसयू, टेनेसी, टेक्सस, अलाबामा आणि आम्ही. या आठांपैकी तुमची युनिव्हर्सिटी नसेल तर एकूण आकड्यावरून भांडायलाच जाऊ नका, तुमच्यासाठी दुसरा रस्ता आहे, तो पुढे सांगतो.

आता मुद्द्याचं. अटेंडन्सचा आकडा एक नसतो, तीन असतात, आणि निम्मी भांडणं यातूनच होतात की एक जण एक आकडा धरून बसलाय आणि दुसरा दुसरा. एक असतो विकलेल्या तिकिटांचा. एक असतो जाहीर केलेला, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला (मॅचचे चार भाग असतात, त्यातला एक म्हणजे क्वार्टर) माईकवरून सांगतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो तो, त्यात विकलेली, फुकट वाटलेली सगळी तिकिटं धरतात आणि बऱ्याच ठिकाणी बँडवाले, कॅमेरावाले, गेटवरचे लोक असे आत असतील तेवढे सगळे धरतात. आमच्याकडे तर तो सांगताना वर एक वाक्य जोडतात, की आज अमेरिकेत कुठेही फुटबॉल बघायला जमलेल्या सर्वात मोठ्या गर्दीत तुम्ही सामील झालात त्याबद्दल आभार, ते ऐकून मला अजूनही छाती फुगवावीशी वाटते, लाज नाही वाटत. आणि तिसरा आकडा म्हणजे गेटवर खरंच स्कॅन झालेली तिकिटं. हा खरा. हा कोणी स्वतःहून सांगत नाही.

वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ मध्ये युनिव्हर्सिट्यांकडून हे स्कॅनचे आकडे मिळवले होते, तेव्हा निघालं की सरासरी बघितली तर जाहीर आकड्याच्या ७१ टक्केच लोक गेटमधून आत आले होते. म्हणजे १०० सांगायचे आणि ७१ यायचे. आपल्या लग्नाच्या हॉलवाल्याचा हिशोबही याहून बरा असतो. हे आकडे मिळतात कसे तर आपल्या आरटीआयसारखा कायदा इथे प्रत्येक राज्यात आहे, सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर अर्ज करून मागता येतात, लोकल पेपरवाले तेच करतात. प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या, म्हणजे नॉर्थवेस्टर्न, स्टॅनफर्ड, मायामी वगैरे, त्यांना हा कायदा लागू नाही, तिथे फोटोवरच भागवायचं.

त्यामुळे टोमणा मारायच्या आधी पहिला नियम, तुमच्याकडे आणि समोरच्याकडे एकाच जातीचा आकडा पाहिजे. तुमचा जाहीर आकडा आणि त्याचा स्कॅनचा आकडा अशी तुलना केलीत तर ती फसवणूक आहे आणि समोरचा जरा हुशार असला तर तुमची तिथेच बोलती बंद करेल. माझी झालीय. आतेभावाने नुसतं विचारलं, तुमचा स्कॅन किती? मी म्हटलं नेटवर्क नाहीये आत्ता, नंतर बोलतो.

फोटोचं काय

रिकाम्या स्टेडियमचा फोटो हे सगळ्यात आवडतं हत्यार, आणि सगळ्यात जास्त खोटं पण तिथेच असतं. फोटो आला की सीट बघू नका, आधी घड्याळ बघा. स्कोअरबोर्डवर कुठला क्वार्टर, किती मिनिटं राहिलीत, स्कोअर काय. किकऑफच्या, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या, पाऊण तास आधीचा फोटो असेल तर कुठलंही स्टेडियम ओसाडच दिसतं, कारण पब्लिक बाहेर पार्किंगमध्ये टेलगेट करतंय, गाडीची डिकी उघडून बर्गर भाजतंय. स्टुडंट सेक्शन तर पहिला क्वार्टर संपत आला तरी अर्धा भरलेला नसतो, दुपारी १२ चा किकऑफ म्हणजे त्या पोरांसाठी पहाट. आणि चौथ्या क्वार्टरला ४५-३ असा स्कोअर असेल तर जिंकणाऱ्यांचे लोकही पार्किंगमधून गाडी काढायच्या घाईत निघून जातात, त्या फोटोवरून कोणाची टेर खेचणं म्हणजे जेवणं उरकल्यावर मांडवाचा फोटो काढून लग्नाला कोणी आलंच नाही म्हणण्यासारखं आहे.

अजून दोन गोष्टी बघायच्या. एक वीज. जवळपास वीज पडली की मैदान आणि स्टँड रिकामे करतात आणि शेवटच्या कडकडाटानंतर ३० मिनिटं थांबतात, पुन्हा कडकडलं की पुन्हा शून्यापासून ३० मिनिटं, त्या वेळातले फोटो दर सीझनला कोणीतरी टाकतंच. दुसरं ऊन. सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे दुपारच्या मॅचला उन्हाच्या बाजूचे बाक तापून तव्यासारखे होतात, लोक आत जिन्याखाली सावलीत उभे असतात, आलेले असतात पण दिसत नाहीत. फोटोत एक बाजू गच्च आणि समोरची ओस दिसली तर सावली कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि गप्प बसा.

मग चांगला फोटो कुठला? दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावरचा, स्कोअर अजून अटीतटीचा, हवा चांगली, घड्याळ स्पष्ट दिसतंय आणि तरी वरचे मजले रिकामे. असा मिळाला तर सोनं आहे, सेव्ह करून ठेवा, वर्षानुवर्षं चालतो.

छोट्या टीमवाल्यांचा रस्ता

तो मघाशी म्हटलेला दुसरा रस्ता म्हणजे टक्केवारी. ५० हजारांचं स्टेडियम ठासून भरलं तर तो १०० टक्के, आणि ९० हजारांच्या रोझ बोलमध्ये २७ हजार आले तर ते तुम्हीच बघा. हा नुसता हिशोब नाही, २०२२ च्या पहिल्याच मॅचला यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीचा तिथे जाहीर झालेला आकडा होता २७,१४३, ते १९८२ ला तिथे खेळायला लागल्यापासूनचा सगळ्यात कमी. बिचाऱ्यांचं कारणही ऐकून घ्या, कॅम्पस वेस्टवूडला आणि स्टेडियम पॅसडीनाला, लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमधून ४० किलोमीटरच्या वर, त्यात कॉलेज सुरू व्हायचं असतं सप्टेंबरच्या शेवटी. मायामीवाल्यांचं पण तसंच, स्टेडियम कॅम्पसपासून लांब. अशा टीमला स्टेडियम रिकामं म्हणून हसणं सोपं आहे, त्यात मजा नाही. पण यूसीएलएवाले रिकाम्या सीटांवर ताडपत्री टाकून झाकतात ते मात्र हसण्यासारखं आहेच, पावसाळ्यात कौलांवर टाकल्यासारखं.

टक्केवारीत पण एक फट आहे. नॉर्थवेस्टर्नने जुनं स्टेडियम पाडून नवीन बांधायला घेतलं तेव्हा २०२४ पासून ते मिशिगन लेकच्या काठावर तात्पुरत्या स्टँडमध्ये खेळले, जागा १२ हजारांच्या आसपास. सिनरी काय मस्त. एवढी जागा तर पाहुण्या टीमच्या लोकांनीच भरते. मग टक्केवारी १०० च्या जवळ आणि त्यातले निम्मे समोरच्या टीमचे.

आणि हा खरा झणझणीत मुद्दा आहे, किती आले यापेक्षा कोणाचे आले. स्वतःच्या घरच्या मैदानावर पाहुण्यांचे रंग जास्त दिसले तर त्याच्यापेक्षा मोठी नाचक्की नाही. ओहायो स्टेटवाल्यांना टोचायचं असेल तर माझ्या मते सगळ्यात बेस्ट गोष्ट हीच, २१ डिसेंबर २०२४, प्लेऑफची पहिली फेरी, टेनेसीचे लोक केशरी कपडे घालून कोलंबसच्या कडाक्याच्या थंडीत एवढे आले की हॉर्सशूच्या, म्हणजे ओहायो स्टेटच्या स्टेडियमच्या, स्टँडमध्ये जिकडे बघावं तिकडे केशरी ठिगळं. म्हणजे तिकिटं कोणीतरी विकली ना? कोणी विकली? कोलंबसवाल्यांनीच. मी त्या रात्री आतेभावाला विचारलं, तुझं तिकीट कितीला गेलं रे? तो तीन तास काही बोलला नाही. मग मॅच संपल्यावर ४२-१७ एवढंच टाकलं, कारण जिंकले ते, आणि पुढे जाऊन नॅशनल चॅम्पियनशिप पण जिंकले. पण ते तीन तास माझे होते.

स्ट्रीकची मिजास

काही टीम एकेका मॅचच्या आकड्यावर नाही, सलग किती वर्षं यावर मिरवतात. नेब्रास्कावाले ३ नोव्हेंबर १९६२ पासून घरची प्रत्येक मॅच सेलआऊट म्हणतात, ४०० च्या वर मॅचेस. मॅचच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे राज्यातलं तिसरं मोठं शहर असं ते अभिमानाने सांगतात आणि ते खरंही आहे, तिथे ओमाहा आणि लिंकन सोडली तर मोठी शहरंच नाहीत. यांना कसं पकडायचं? सेलआऊट म्हणजे तिकिटं विकली गेली, माणसं आली असं नाही. वाईट वर्षांत उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना वाटली, त्यामुळे स्ट्रीक वाचली. आता यावर टोमणा मारायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मला तर ती गोष्ट छानच वाटते, पोरांना मॅच बघायला मिळाली. मी नेब्रास्काच्या नादाला लागत नाही, २०१६ नंतर त्यांचे दिवस असे गेले की हरणाऱ्या टीमला एवढी माणसं येतात हे बघून रागाऐवजी कौतुकच वाटतं.

आमची स्ट्रीक ८ नोव्हेंबर १९७५ पासूनची, घरची प्रत्येक मॅच एक लाखाच्या वर, कोविडचं वर्ष सोडून. आणि इथे मला मान खाली घालावी लागते, कारण २०१४ ला टीम एवढी भंगार खेळत होती की दोन कोक घ्या आणि मिनेसोटाच्या मॅचची दोन तिकिटं मिळवा अशी स्कीम निघाली होती. बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं. अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी राजीनामा दिला. आजही मी गर्दीचा ग काढला की आतेभाऊ कोकच्या कॅनचा फोटो टाकतो. नुसता कॅन. एक शब्द नाही. याला म्हणतात शालजोडीतला.

म्हणून दुसऱ्याची टेर खेचायच्या आधी स्वतःच्या टीमचा हा सगळा इतिहास पाठ पाहिजे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून हे इथे पाच मिनिटं पण टिकत नाही. मोठ्या गर्दीचा अजून एक तोटा असा की हरलात तर तेवढ्याच मोठ्या गर्दीसमोर हरता आणि तो आकडा कायमचा तुमच्या गळ्यात. १ सप्टेंबर २००७, अ‍ॅपलॅचियन स्टेट नावाची खालच्या डिव्हिजनची टीम आली आणि १,०९,२१८ लोकांसमोर आम्हाला ३४-३२ ने हरवून गेली, तेव्हा आम्ही देशात पाचव्या नंबरवर होतो. मी तेव्हा सांगलीतच होतो, मला फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तोच माहीत होता, तरी ते माझ्या नावावर आहे. २०१५ ला मिशिगन स्टेट या आमच्याच राज्यातल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीविरुद्ध शेवटचे १० सेकंद राहिले होते, फक्त बॉल लांब किक मारून द्यायचा होता, तो हातातून निसटला आणि ते पळत जाऊन जिंकले, त्या दिवशी मी स्टँडमध्ये होतो. एक लाखापेक्षा जास्त माणसं एकदम गप्प झाली की कसं वाटतं ते मला विचारा.

तसंच उलट. ओहायो स्टेडियमचा रेकॉर्ड १,१०,०४५ चा आहे, आतेभाऊ तो मिरवतो, तारीख २६ नोव्हेंबर २०१६, समोर आम्हीच होतो आणि डबल ओव्हरटाईममध्ये ३०-२७ ने हरलो. त्या मॅचमध्ये चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, बॉल कुठे ठेवला यावर मी आजही अर्धा तास बोलू शकतो, पण विषय गर्दीचा आहे म्हणून सोडतो. माझं उत्तर ठरलेलं असतं, तुमचा रेकॉर्ड आम्ही आलो म्हणून झाला. आमचा रेकॉर्ड १,१५,१०९, ७ सप्टेंबर २०१३, नोट्र डेमविरुद्ध, रात्रीची मॅच, ४१-३० ने जिंकलो, मी त्यात एक होतो, बूड टेकायला वीतभर जागा आणि कोणी बसलंच नाही. कोणी मधेच टेनेसी आणि व्हर्जिनिया टेकचा २०१६ चा १,५६,९९० काढला तर सांगायचं, ती ब्रिस्टलच्या कार रेसिंगच्या ट्रॅकवर झाली, कोणाचं घरचं मैदान नव्हतं, त्या आकड्याचं श्रेय ट्रॅक बांधणाऱ्याला द्या.

प्रत्यक्ष टोमणा कसा मारायचा

लांबलचक लिहू नका. तुमची टीम हरणाऱ्यांची, तुमचं स्टेडियम रिकामं, तुमचे फॅन असले नि तसले असा परिच्छेद लिहिलात की समजायचं तुम्हालाच लागलंय. एक आकडा, एक प्रश्न, बस. तिकीट कितीला गेलं. ताडपत्री नवीन घेतली का. बँड धरून की बँड सोडून. हा शेवटचा मी सगळ्यांत जास्त वापरतो, कोणीही जाहीर आकडा टाकला की विचारायचं, बँड धरून की सोडून?

वेळ बघून मारा. मॅच चालू असताना स्वतःची टीम पुढे आहे म्हणून सुरू झालात की नक्की काहीतरी विपरीत होतं, याला शास्त्र नाही पण अनुभव आहे. आणि समोरच्याचे दिवस फिरू शकतात हे लक्षात ठेवा, इंडियानाच्या स्टेडियममध्ये कितीतरी वर्षं पाहुण्यांचीच गर्दी दिसायची, सगळे हसायचे, मी पण, आणि २०२४ ला नवीन कोच आला आणि ते थेट प्लेऑफला गेले. आता त्यांच्या तिकिटाचा भाव बघा.

काही गोष्टी मात्र काढायच्याच नाहीत. खेळणारी पोरं १९-२० वर्षांची असतात, त्यांच्या दुखापतीवर, घरच्यांवर बोलायचं नाही. पेन स्टेटवाल्यांशी कितीही जुंपली तरी २०११ चं ते लैंगिक अत्याचारांचं प्रकरण हत्यार म्हणून वापरायचं नाही, त्यात लहान मुलांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली, तो फुटबॉलचा विषयच नाही. त्यांच्या व्हाईट आऊटला मात्र खुशाल नावं ठेवा, लाखभर माणसं पांढरे कपडे घालून एका जागी बसतात, मी त्याला शोकसभा म्हणतो. एकदा जाऊन आलोय. कान दोन दिवस वाजत होते, पण हे पेन स्टेटवाल्याला सांगणार नाही.

राहता राहिलं गेल्या सीझनचं. नोव्हेंबर २०२५, ओहायो स्टेट अ‍ॅन आर्बरला आली, आधीची चार वर्षं सलग आम्ही जिंकलेलो त्यामुळे मी आठवडाभर आधीपासून सुटलो होतो, कोणाचं स्टेडियम मोठं, तुमच्याकडे तिकिटं कोण विकतं, टेनेसी आठवतंय का, सगळं काढून झालं. २७-९ ने हरलो. बर्फ पडत होता, माझ्या आजूबाजूचे लोक चौथ्या क्वार्टरला मुकाट निघायला लागले, मी पण मोजे ओले झालेत असं स्वतःला सांगत उठलो. पार्किंगमध्ये फोन बघितला तर घरच्या ग्रुपवर आतेभावाने टीव्हीवरून काढलेला फोटो टाकला होता, वरच्या रांगा सगळ्या मोकळ्या, आणि खाली कोपऱ्यात घड्याळ, क्वार्टर, स्कोअर सगळं व्यवस्थित दिसेल असं क्रॉप केलेलं. त्याच्या खाली आत्याचा मेसेज, आज पण आग लागली वाटतं.